किलोमीटर सर

चंद्रपुरात माणसं आजवर तीनच कारणांनी धावत आली: पोलिसभरती, सुटायला आलेली गाडी आणि अस्वल. अलीकडे मॅरेथॉन नावाचं चौथं कारण निघालंय. हे खूळ प्रत्येक कॉलनीत एका तरी गृहस्थाच्या अंगात शिरतं. आमच्याकडे ते भूगोलाच्या एका मास्तरांच्या अंगात शिरलं. त्यांचं खरं नाव आता पगारपत्रकापुरतं उरलंय. सगळे त्यांना किलोमीटर सर म्हणतात.

पूर्वी सर भेटले की "जेवण झालं का जी?" विचारायचे. आता "आज किती झाले?" विचारतात आणि आपण तोंड उघडायच्या आत स्वतःचे सांगतात. रामाळा तलाव त्यांच्या लेखी तलाव नाहीच, नुसती फेरी आहे. भाजी आणायला निघाले तरी आधी मनगटावरच्या घड्याळाचं बटण दाबतात. घड्याळात न उतरलेलं चालणं फुकट गेलं, असा त्यांचा हिशेब. भाच्याच्या वरातीत घड्याळ चालूच राहिलं, तर सरासरी वेग पार कोसळला. त्या आठवड्यात ते कोणाशी धड बोलले नाहीत.

"बेचाळीस किलोमीटर समजलं, पण वरचे १९५ मीटर काऊन?" असं चुकून कोणी विचारलं, की त्याचा चहा गार झालाच म्हणून समजा. सर सुरू होतात: १८९६ साली अथेन्सच्या ऑलिंपिकमध्ये शर्यत सुमारे ४० किलोमीटरची होती. ती पाणी वाहणाऱ्या स्पिरिडॉन लुईसने जिंकली. १९०८ साली लंडनला ती विंडसरच्या राजवाड्यापासून स्टेडियममधल्या राजाच्या सज्ज्यासमोरपर्यंत धावली गेली. ते अंतर ४२.१९५ भरलं, आणि १९२१ पासून तेच कायम झालं. "म्हणजे सारी दुनिया इंग्रजाच्या राजवाड्यापायी १९५ मीटर जास्तीचे पळून राहिली! आपल्या गोंडराजानं ठेवली असती नं, तर बल्लारपूरच्या किल्ल्यापासून जटपुरा गेटपर्यंत. पंधरा-सोळा किलोमीटरांत सुटले असते सगळे."

एक मात्र कबूल केलं पाहिजे, सरांचं शास्त्र पक्कं आहे. अंतर एकदम वाढवू नका, आठवड्याला थोडं थोडं वाढवा. शर्यतीच्या आधीचे दोन-तीन आठवडे धावणं कमी करत न्या. तिसाव्या किलोमीटरच्या आसपास स्नायूंत साठवलेली साखर संपत येते आणि पाय शिशाचे होतात. पाणी तहानेच्या बेतानं प्या, कारण भसाभस ढोसलं तर रक्तातलं मीठ उतरतं आणि ते जिवावर बेतू शकतं. आणि सराव बोलता येईल इतक्याच वेगानं करा. यातला शेवटचा नियम सरांनी जिवापाड पाळलाय. बोलणं ते थांबवत नाहीत, त्यामुळे वेग वाढायचा प्रश्नच येत नाही.

शर्यतीच्या आधी दोन दिवस भात वाढवायचा असतो, हे त्यांनी घरी जाहीर केलं. आई सिंदेवाहीकडची, धानाच्या मुलखातली. ती म्हणाली, "मंग तुझा बाप जनमभर मॅरेथॉनच पळत होता का रे?"

पहाटे स्टेडियमवर भरतीची पोरं असतात. पोलिसासाठी मुलांना १६०० मीटर, वनरक्षकासाठी ५ किलोमीटर, मुलींना ३. साध्या कॅनव्हासच्या बुटांत ती पोरं सरांच्या महागड्या बुटांना फेरीमागून फेरी मागे टाकतात. एकानं जाता जाता अदबीनं विचारलं, "सर, तुम्ही कोणत्या खात्यात भरती होऊन राहिले जी?" सर तेव्हा चौपन्नचे होते.

गडचिरोलीला पोलिस दलानं भरवलेल्या महामॅरेथॉनमध्ये सर २१ किलोमीटर धावून आले. कितवे आलात, असं विचारलं तर म्हणाले, "माझी स्पर्धा माझ्याशीच." वहिनी आतून म्हणाल्या, "त्यात तरी कितवे आले?" पदक अजून दिवाणखान्यात, टीव्हीच्याही वर आहे. पण त्याच दिवाणखान्यात सर पदकाचं सोडून भलत्याच मुलांचं कौतुक करतात. २०१८ साली मिशन शौर्यमधून चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांची पाच मुलं एव्हरेस्टवर पोचली, हे सांगताना त्यांचा आवाज भरून येतो आणि स्वतःचे किलोमीटर ते साफ विसरतात. तेवढी पाच मिनिटं सर मला फार आवडतात.

यंदा त्यांनी पूर्ण ४२.१९५ मनावर घेतलंय. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशी ओलांडणाऱ्या गावात सराव पहाटेच करावा लागतो, आणि पहाट ही जंगलातल्यांचीही फिरायची वेळ. तेव्हा तुम्हालाही धावायची हुक्की आली आणि जंगलातून जाणारा जुनोना रोड खुणावू लागला, तर उजाडल्याशिवाय निघू नका, एकटे जाऊ नका, आवाज करत जा. सगळ्यात सोपं म्हणजे सरांना सोबत न्या. साठवलेल्या साखरेवरचं त्यांचं व्याख्यान ऐकत अस्वल थांबलंय, असं अजून तरी कोणी पाहिलेलं नाही.