फोटो काढले, आता वाचा

बदलापूरच्या बेलवलीतल्या माणसाला शेजारच्या अंबरनाथच्या शिवमंदिराविषयी वाचायचे असेल, तर सोय झालेली आहे. फक्त ती सापडत नाही. मंदिरातला शिलालेख शके 982 चा, म्हणजे इसवी सन 1060 चा. दगडावर असल्याने तो निदान डाउनलोड करावा लागत नाही. मंदिराचे वर्णन करणारे ठाण्याचे गॅझेटिअर 1882 चे, तेही जालावर आहे. पण जुन्या ग्रंथांचे डिजिटायझेशन म्हणजे आपल्याकडे बहुधा पानांचे फोटो. शब्द टाकून शोधायला जावे, तर हाती काही लागत नाही. पाने मात्र मोजता येतात, आणि अहवालाला तेवढे पुरते.

शब्दाने शोधता येईल असा मजकूर द्या म्हटले, की कॉपीराइटचे काय, असे विचारतील. तो लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी संपतो. 1882 चे लेखक कोर्टात येण्याची शक्यता कमीच. वाचतो कोण, हा आक्षेप तर दुकान बंद ठेवून गिऱ्हाईक नाही म्हणण्यासारखा. मुंबईच्या ग्रंथालयात या, हे सांगणाऱ्याने एकदा सकाळी बदलापूरहून लोकल पकडावी. राहिली तांत्रिक अडचण. मराठी विश्वकोशाच्या नोंदी शोधता येण्याजोग्या देवनागरीत जालावर आहेतच; तेव्हा ‘जमत नाही’ हे कारण पुढच्या निविदेपुरतेच राखून ठेवावे.