आबांची पलटण

कोल्हापुरात पहाटे पाचच्या आत उठणारी माणसं तीन प्रकारची. तालमीतला पैलवान, गंगावेशीत म्हैस घेऊन येणारा गवळी आणि फौजेतून पेन्शनीवर आलेला म्हातारा. पहिल्या दोघांना काही काम तरी असतं. तिसरा उठतो आणि बाकीचे का उठले नाहीत याची चौकशी लावतो.

आमचे आबा या तिसऱ्यांतले. जिल्ह्यात असे म्हातारे ढिगानं. शिरोळ तालुक्यातल्या टाकळीत तर इतके, की गावाच्या नावामागंच 'सैनिक' लागलं. सगळ्यांचा साचा एकच. दाढी रोजची, मिशी जपलेली, आणि खाटेखाली काळी पत्र्याची ट्रंक, तिच्यावर पांढऱ्या रंगात नंबर, नाव, पलटण. आबा हवालदार म्हणून सुटले होते. पण आल्या आल्या गल्लीनं त्यांना परस्पर 'मेजर' करून टाकलं. सरकारला जमलं नाही ते कोपऱ्यावरच्या पानपट्टीवाल्यानं केलं, आणि ही बढती आबांनी कधी नाकारली नाही.

घर त्यांच्या लेखी बराकच. पहाटे दारावर काठी वाजायची. अंथरुणाची घडी वाकडी दिसली की, "ह्ये काय अंथरूण हाय का आठवडी बाजार?" स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून ते आईला "लंगर किती वाजता?" विचारायचे. राग आला की हिंदीवर यायचे. ही हिंदी बेळगावच्या मराठा सेंटरात घेतलेली, आणि तिला पुल्लिंग-स्त्रीलिंगाचा भेद मंजूर नव्हता. "तुमारा दिमाग किधर रखी?" असं ते मला, धाकट्या काकाला आणि गल्लीतल्या कुत्र्याला सारख्याच मायेनं विचारत. त्यातल्या त्यात कुत्रा ऐकायचा. घरात फॉलिन न होणारी व्यक्ती एकच, आजी. तिच्यापुढं आबा कायम विश्रामात.

महिन्यातला एक दिवस मात्र सगळ्या गल्लीला आबांबद्दल राष्ट्रप्रेम दाटून यायचं. कँटीनचा. सकाळपासून येणारा-जाणारा "काय मेजर, तब्येत बरी न्हवं?" करत ओट्यावर टेकायचा. आबा साबण, चहापत्ती, प्रेशर कुकर घेऊन यायचे आणि पिशवीच्या तळाशी कोट्याच्या बाटल्या. कुणाची पाठ धरली, कुणाचा खोकला हटेना, कुणाचे पाव्हणे पुण्याहून येणार. खोकल्यावर रम हे औषध आबांनी स्वतः अनेकांना सांगितलेलं असल्यानं त्यांना नाहीही म्हणता यायचं नाही. वैताग एकाच माणसाचा. मागच्या गल्लीतले दुसरे मेजर सप्लायमधले होते. त्यांचा कोटाही तेवढाच, हे काही आबांच्या गळी उतरत नव्हतं. "पीठ मोजायला गेलता न्हवं त्यो?"

लढाई म्हणजे १९७१ची. आबा पहिल्या मराठ्यात, म्हणजे जंगी पलटणीत, आणि पलटण १७६८ सालची हे ते अशा थाटात सांगायचे, की उभारणीला स्वतः हजर होते. डिसेंबरात ब्रह्मपुत्रा ओलांडून जमालपूरच्या दक्षिणेला जायचं आणि टांगाईलचा रस्ता तोडायचा, असं काम होतं. ही नदी दर वर्षी रुंद होत गेली. मी चौथीत असताना ती पंचगंगेएवढी होती. कॉलेजला गेलो तेव्हा पलीकडचा काठ दिसेना. सप्लायवाले मेजर एकदा म्हणाले, "डिसेंबरात तिथं पाणी कमी असतंय की." पुढं बरेच दिवस त्यांच्याशी बोलणं बंद होतं.

जमालपूरच्या चिठ्ठीवर आबांचा विशेष जीव. आपले ब्रिगेडियर क्लेर यांनी पाकिस्तानी कमांडरला शरण या म्हणून पत्र धाडलं. त्यानं उत्तर दिलं, लेखणी ठेवा आणि स्टेनगन घ्या अशा अर्थाचं, आणि लिफाफ्यात घातली बंदुकीची गोळी. हा प्रसंग खरा आहे, कुठंही ताडून बघा. पण आबांनी त्याचा घरगुती वापर फार केला. पाणीपट्टीची नोटीस आली की आबा चष्मा काढून म्हणणार, "उत्तरात गोळी घालून पाठवू काय?" आजी आतून, "पाठवा. सकाळची बीपीची तशीच पडलीय, ती घाला."

१० डिसेंबरच्या रात्री जमालपुरात घेरलेली ती पाकिस्तानी फौज रस्ता फोडून निघायला बघत होती, आणि वाटेत मराठे बसले होते. ब्रह्मपुत्रेला तासभर पुरणारे आबा या रात्रीला मात्र दोन वाक्यांत उरकायचे. मी लहानपणी विचारलं होतं, "आबा, तुम्ही किती मारले?"

"अंधार हुता."

"तरी?"

"अंधार हुता म्हटलं न्हवं? सकाळी चहा लई उशिरा आला." आणि चहाचं पुराण सुरू.

ऑगस्ट २०१९च्या महापुरात शाहूपुरीच्या खालच्या अंगाला पाणी चढलं, तेव्हा जवान बोट घेऊन दाराशी आले. आबा माडीच्या खिडकीत १९७१चं 'पूर्वी स्टार' मेडल लावून उभे. बोट बांधायची गाठ चुकीची आहे असं त्यांनी वरूनच हिंदीत कळवलं. आधी बायकापोरं, मग कुत्रा, शेवटी आपण, असा क्रम लावून दिला. बोटीतला केरळकडचा पोरगा काहीएक न समजता "यस साब" म्हणाला. आबा पुढं महिनाभर त्या 'साब'वर जगले.

नोव्हेंबरात हयातीचा दाखला. ब्लेझरला इस्त्री, छातीवर मेडल, आणि यंत्रावर अंगठा. तंबाखू-चुना मळून मळून अंगठ्याच्या रेषा गेलेल्या. यंत्र दर वर्षी नाही म्हणायचं. "फौजेनं मेलेला धरला न्हाई, आन् तू धरतोस व्हय?" असं त्या डबीला दरडावून आबा पुन्हा अंगठा दाबायचे, सावधानमध्ये.

आबा गेले तेव्हा सगळ्यात आधी येऊन शेवटपर्यंत थांबले सप्लायवाले मेजर. तिरडी कशी बांधायची यावर त्यांनी सगळ्यांना झापलं, हिंदीत.

पेन्शन आजीच्या नावावर झाली. पुढच्या नोव्हेंबरात मी तिला घेऊन गेलो. यंत्रानं पहिल्या झटक्यात अंगठा घेतला. समोरचा पोरगा खूश होऊन म्हणाला, "झालं आजी, तुम्ही हयात आहात!"

"त्ये मला ठावं हाय," आजी म्हणाली. "पैसं कवा पडणार, त्ये सांग."