क्रीडासंकुल-माहात्म्य

क्रीडासंकुलात क्रीडाच झाली पाहिजे, असा संकुचित आग्रह धरणारी काही मंडळी सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत अद्यापि हयात आहेत, ही आमच्या सार्वजनिक जीवनातील मोठी खेदाची बाब होय. ज्या अर्थी सरकारने २००१ साली क्रीडा धोरण जाहीर करून तालुका तेथे संकुल उभारण्याचा संकल्प सोडला, आणि ज्या अर्थी २०२२ साली तालुका संकुलाच्या अनुदानाची मर्यादा १ कोटीवरून ५ कोटींवर व जिल्हा संकुलाची ८ कोटींवरून २५ कोटींवर नेली, त्या अर्थी एवढा खजिना केवळ पोरासोरांच्या धावण्याउडण्यात खर्ची पडावा, हे कोणत्याही विवेकी कारभाऱ्यास रुचणार नाही.

म्हणूनच आमच्या मैदानांवर कृषिप्रदर्शन, सामुदायिक विवाह, फटाक्यांचे स्टॉल, प्रचारसभा आणि एखाद्या भाऊंच्या वाढदिवसानिमित्त भरणारा टेनिस बॉल क्रिकेटचा चषक ही सर्व सत्कृत्ये गुण्यागोविंदाने नांदतात. पावसात खेळ थांबवावा, ही क्रिकेटवाल्यांची दुर्बल रूढी. पण १८ ऑक्टोबर २०१९ रोजी साताऱ्याच्या जिल्हा परिषद मैदानावर शरद पवारांनी भर पावसात भाषण केले, तेव्हा मैदानाचा खरा मर्दानी उपयोग कोणता, हे अखिल महाराष्ट्राने डोळे भरून पाहिले.

क्वचित प्रसंगी तेथे खेळही होतात, हे नाकारता येत नाही. एप्रिल २०२२ मध्ये साताऱ्याच्या छत्रपती शाहू क्रीडा संकुलात माती आणि मॅट या दोन्ही विभागांचे मल्ल झुंजले व कोल्हापूरच्या पृथ्वीराज पाटलांनी महाराष्ट्र केसरीची गदा खांद्यावर घेतली. पुढच्याच वर्षी सांगलीत महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी भरली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडी यांनी ती जिंकली. परंतु अशा अपवादांनी नियमास बाध येत नाही. कारण हलगी थांबली, मान्यवरांच्या मोटारी मार्गस्थ झाल्या, की मैदान पुन्हा पूर्ववत लोककल्याणास मोकळे होते.

या लोककल्याणाची खूण पाहावयाची असेल, तर एखादा समारंभ आटोपल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे मैदानात जावे. शंभर मीटरच्या फक्कीच्या रेघा मांडवाच्या खळ्यांत लुप्त झालेल्या असतात. कबड्डीची पोरे घमेल्याने मुरूम ओतून ती खळी बुजवीत असतात, आणि त्यांचे वस्ताद दोरीला लोहचुंबक बांधून, उताणे पडलेले खिळे वेचीत, बैल नसलेल्या कुळवासारखे संथपणे मैदान फिरत असतात. व्यायामाचा हा प्रकार कोणत्याही अभ्यासक्रमात नाही, तो केवळ आमच्याकडेच विनामूल्य शिकविला जातो.

निष्कलंक मैदान हवे असल्यास त्यावर एकच उपाय आहे: ते बांधूच नये. १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक जिंकून स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून देणाऱ्या खाशाबा जाधवांच्या गोळेश्वर गावी कुस्ती संकुल उभारण्याची घोषणा झाली, परंतु ते इतक्या दीर्घकाळ दप्तरातच सुखरूप राहिले की २०१७ साली त्यांच्या कुटुंबीयांनी निधीसाठी पदकाचाच लिलाव करण्याचा मनोदय जाहीर केला. त्या संकुलात तोवर एकही खिळा पडला नव्हता, याची नोंद मात्र कोणीही कृतज्ञतेने घेतली नाही.

तथापि खेळाडूंवर अगदीच अन्याय नको, म्हणून आमची एक नम्र तजवीज आहे. ज्यांना मैदानात खेळावयाचे असेल, त्यांनी ‘इतर कार्यक्रम’ या सदराखाली रीतसर अर्ज करावा. सोबत अनामत रकमेची पावती, पोलिसांचा ना-हरकत दाखला आणि प्रमुख पाहुण्यांचे संमतिपत्र जोडावे. पाहुणे न मिळाल्यास अर्ज दप्तरी दाखल करावा. मिळाल्यास मात्र सत्कार, मनोगते व आभारप्रदर्शन आटोपून उजेड शिल्लक राहील, तर सामना खेळविण्यास प्रशासनाची कोणतीही हरकत असू नये.