अंगठ्याची परीक्षा

अडीच लाखांची मोटरसायकल घेणारा मर्द सीटच्या दुकानात शिरला की एकदम वैद्य होतो. अंगठ्याने फोम दाबतो, डोळे मिटतो, ‘मऊ आहे’ असं निदान करतो आणि पैसे मोजतो. अंगठ्याला पुण्याहून पणजीपर्यंत साडेचारशे किलोमीटर बसायचं नसतं, हे दुकानदार कशाला सांगेल? भार येतो बैठकीच्या दोन हाडांवर. मऊ फोम तासा-दोन तासांत दबतो, मग खाली उरते सीटची कडक पाटी. दाट, टणक फोम आंबोलीपर्यंत साथ देतो. पण दुकानात तो दगड वाटतो, म्हणून खपत नाही. खपते जेलची गादी. तीही काळ्या रेक्झिनखाली, मे महिन्यात. ढाब्यावरून परतून त्या तापलेल्या सीटवर बसताना तोंडातून निघणारा शब्द छापता येत नाही.

सीट रुंद केली की पाय जमिनीला पुरत नाहीत, हे पहिल्या सिग्नलला कळतं. चौकड्यांची शिलाई मात्र हवीच. तिच्या भोकांतून पावसाचं पाणी फोममध्ये मुरतं, पण फोटोत काय दिसते!

मागे बसणाऱ्या वहिनींना कुणी विचारलेलंच नाही. त्यांनी घरातली उशी आणलीय, आणि बांदा येईस्तोवर साहेबांचा डोळा त्या उशीवर जातो.