मागच्या पाळीचा दोष

भिलाईच्या सेक्टरांत राहणाऱ्या मराठी मध्यमवर्गात छंदिष्टांच्या ज्या काही जाती आढळतात, त्यांपैकी वापरलेली लेन्स विकत घेऊन तिच्यातून निघालेला प्रत्येक अस्पष्ट फोटो हा स्वतंत्र चौकशीचा विषय मानणारा निवृत्त गृहस्थ ही जात संख्येने लहान असली, तरी अभ्यासाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. सोयीसाठी त्याला येथे भिंगवैद्य म्हटले आहे. वैद्याचा रोगी अधूनमधून बरा व्हावा अशी जी सर्वसाधारण अपेक्षा असते, ती या ठिकाणी शिथिल केली आहे.

या जातीची उत्पत्ती पाहू जाता भिलाईच्या पोलाद कारखान्यापासूनच सुरुवात करावी लागते. सोव्हिएत संघाशी फेब्रुवारी १९५५ मध्ये करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन केले, आणि धानाच्या शेतांच्या जागी क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या वसाहती उभ्या राहिल्या. दुर्ग जिल्हा १९५६ पर्यंत ज्या राज्यात होता त्याची राजधानी नागपूर होती, त्यामुळे भंडारा-गोंदियाकडच्या मराठी माणसाला इकडे नोकरीला येणे म्हणजे देशांतर वाटले नाही. तो आला आणि कारखान्याच्या तीन पाळ्यांत मुरून गेला. या पाळ्यांचा एक अलिखित नियम असा, की यंत्रातला बिघाड आपल्या पाळीत सापडला, तरी तो झालेला असतो मागच्या पाळीत. रात्रपाळी तो दुपारपाळीकडे ढकलते, दुपारपाळी सकाळपाळीकडे आणि सकाळपाळी पुन्हा रात्रपाळीकडे, त्यामुळे दोष कोणाच्याही पदरात न पडता चोवीस तास फिरत राहतो आणि उत्पादनही अडत नाही.

भिंगवैद्याची हयात बहुधा रेल मिलमध्ये, तीही तपासणीच्या कामात गेलेली असते. भारतीय रेल्वेचे रूळ जिथे तयार होतात, तिथे वरून चकचकीत दिसणाऱ्या रुळाच्या पोटातली भेग श्राव्यातीत ध्वनीने, म्हणजे कानाला ऐकू न येणाऱ्या कंपनांच्या प्रतिध्वनीवरून, शोधली जाते. आणि चांगल्या दिसणाऱ्या वस्तूच्या पोटात वाईट काय आहे हे शोधण्याचा पगार ज्याने तीस-पस्तीस वर्षे घेतला, त्याला निवृत्तीनंतर ते काम विनावेतन करण्यावाचून गत्यंतर उरत नाही. नव्या लेन्सला मागची पाळी नसते, म्हणून नवी लेन्स त्याला नको असते. वापरलेल्या लेन्सला एक तरी पूर्वीचा मालक असतोच, आणि फोटो धुरकट आला की त्या मालकाने ती पाडली होती, ओलीत ठेवली होती, किंवा एखाद्या अडाण्याकडून उघडवली होती, असे तीन पर्याय तत्काळ उपलब्ध होतात. फोटो काढणाराचा हात हलला हा चौथा पर्याय त्याच्या यादीत नाही.

त्याचा बराचसा साठा लग्नाचे फोटो काढणाऱ्या व्यावसायिकांकडून येतो. या मंडळींनी आरसा नसलेले नवे कॅमेरे घेतल्यापासून सुपेला आणि पॉवर हाऊस भागात जुन्या ऑटोफोकस लेन्स, म्हणजे मोटरच्या साहाय्याने आपोआप नेम साधणाऱ्या लेन्स, पूर्वीपेक्षा सहज मिळू लागल्या. परंतु त्याचा खरा जीव रशियन मालात गुंतलेला असतो. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यात झेनिट कॅमेऱ्यांसाठी हेलिओस-४४ ही ५८ मिलिमीटरची लेन्स बनू लागली, आणि तिची रचना जर्मनीतल्या त्साइस कंपनीच्या बायोटार या युद्धपूर्व लेन्सवर आधारलेली होती. भिलाईतल्या प्रत्येक हेलिओसची वंशावळ मात्र क्रास्नोगोर्स्कला न जाता एका रशियन इंजिनिअरापाशी जाते, जो १९६१ साली मायदेशी परतताना ही लेन्स आपल्या मराठी सहकाऱ्याला डोळ्यांत पाणी आणून देऊन गेला. सोव्हिएत लेन्सच्या अनुक्रमांकाचे पहिले दोन आकडे बहुधा निर्मितीचे वर्ष सांगतात. भिंगवैद्याच्या लेन्सवर ते ८४ असे निघाले, तर तो विचलित होत नाही. इंजिनिअर नंतर पुन्हा आला होता, एवढेच त्यावरून सिद्ध होते.

अशा लेन्समधून धुरकट फोटो येण्याचे सर्वांत साधे कारण तिच्या काचेत नसून अंतरात असते. लेन्स कॅमेऱ्याला जिथे टेकते ती कडा आणि फिल्म किंवा संवेदक यांच्यातले अंतर प्रत्येक कॅमेरा-घराण्यात ठरलेले असते. झेनिटचा ४२ मिलिमीटर व्यासाचा आट्यांचा माउंट घेतला तर ते ४५.४६ मिलिमीटर आहे आणि निकॉनच्या आरशाच्या कॅमेऱ्यांत ४६.५, म्हणजे हेलिओसला निकॉनवर बसवले की ती आधीच मिलिमीटरभर पुढे सरकलेली असते, त्यात जोडकडीची, अर्थात अॅडॅप्टरची, जाडी मिळते, आणि दोन-तीन मीटरच्या पलीकडचे काहीही कधीही स्पष्ट येत नाही. काही जोडकड्यांत हा फरक भरून काढणारे एक छोटे भिंग असते आणि ते दूरचे स्पष्ट करण्याच्या भरात सगळेच थोडे मऊ करून ठेवते. याहून कठीण प्रकार ३९ मिलिमीटरच्या आट्यांचा. सुरुवातीच्या झेनिटला आणि फेड, झोर्की या सोव्हिएत कॅमेऱ्यांना व्यासाने सारख्याच आट्या होत्या, मात्र झेनिटचे अंतर ४५.२ मिलिमीटर आणि फेडचे २८.८. त्यामुळे फेडची लेन्स झेनिटवर विनातक्रार, अगदी घट्ट बसते आणि वीतभर अंतरावरची पोह्यांची बशी सोडून सगळे जग धूसर दाखवते. दीड सेंटिमीटरहून जास्त असलेला हा फरक साध्या फूटपट्टीने मोजता येतो. रुळाच्या पोटातली सूक्ष्म भेग पकडणारा तपासनीस फूटपट्टी हातात घेत नाही, कारण आट्या जुळल्या म्हणजे माल मानकाप्रमाणे आहे अशी त्याची धारणा असते. मग उरतो तो इंजिनिअरानंतरचा आणि भिंगवैद्यापूर्वीचा अज्ञात मालक.

निदानाचा मुख्य विधी रात्री जेवणानंतर पार पडतो. घरातले दिवे मालवले जातात, दूरदर्शन संच बंद होतो, घरातली बाई “अहो, मालिका चालू होती ना” एवढाच निषेध नोंदवते, आणि लेन्सच्या एका टोकाला विजेरी लावून दुसऱ्या टोकाने आत पाहिले जाते. या उजेडात कोणतीही जुनी लेन्स भयंकर दिसते. तिच्यात धूळ असते, पात्यांवर तेल चढलेले असते, पावसाळ्यात चामडी पाकिटात कोंडून ठेवल्याने कडेला बुरशीचे पांढरे धागे फुटलेले असतात, क्वचित दोन भिंगांना चिकटवणारा थर सुटून इंद्रधनुषी डाग आलेला असतो. या शास्त्रातली गमतीची गोष्ट अशी, की जे दोष विजेरीला दिसतात ते फोटो क्वचितच धूसर करतात आणि जे धूसर करतात ते विजेरीला दिसत नाहीत. धुळीच्या चार कणांनी फोटोत काहीही बिघडत नाही. थोड्या बुरशीने उजेडाकडे तोंड करून काढलेल्या चित्रातला काळ्या-पांढऱ्याचा ठसका कमी होतो, इतकेच. उलट लेन्स पडून आतले एक भिंग केसभर कलले, किंवा कोणी उघडून पुसताना ते उलटे बसवले, तर विजेरीत सर्व काही स्वच्छ दिसते आणि चित्राची एक बाजू किंवा सगळ्या कडा वाहून जातात. भिंगवैद्य दिसणाऱ्यावर विश्वास ठेवतो. तो बुरशीचा फोटो काढतो, आणि नमूद करण्यासारखी बाब म्हणजे मोबाइलवर काढलेला हा फोटो अत्यंत स्पष्ट येतो.

प्रत्यक्ष चाचणीसाठी त्याची आवडती जागा म्हणजे मैत्री बाग. भारत-सोव्हिएत मैत्रीच्या नावाने उभ्या राहिलेल्या या प्राणिसंग्रहालयात पांढरे वाघ आहेत, आणि पांढऱ्या अंगावरचे काळे पट्टे हे लेन्सची धार पाहायला उत्तम, असा त्याचा तर्क निर्दोष असतो. वाघाच्या आणि कॅमेऱ्याच्या मध्ये जाळी असते ही गोष्ट तर्कात धरलेली नसते. ऑटोफोकस स्वभावतः जवळच्या ठसठशीत वस्तूकडे ओढले जाते, त्यामुळे घरी आल्यावर संगणकाच्या पडद्यावर जाळीच्या तारेवरचा गंज, त्या गंजाची पापुद्रे सुटलेली कड आणि तारेला अडकलेले एक पीस यांचे असे बारकाव्यासह दर्शन घडते, की लेन्सच्या निर्मात्याने ते जाहिरातीत वापरावे. मागे वाघाच्या जागी एक पांढुरका ढग असतो. भिंगवैद्य यावरून ‘फ्रंट फोकस’ असे निदान करतो, म्हणजे ज्यावर नेम धरला त्याच्या अलीकडची वस्तू स्पष्ट येण्याचा दोष. हा दोष खरोखर असतो आणि तो सुधारण्याची सोय काही कॅमेऱ्यांत दिलेली असते, जिच्यात उणे २० ते अधिक २० अशा पायऱ्यांनी नेम पुढे-मागे सरकवता येतो. भिंगवैद्य अधिक २० लावतो आणि समाधानाने झोपतो.

त्याचा परिणाम संक्रांतीच्या हळदीकुंकवाला दिसतो. ट्यूबलाइटच्या उजेडात, कॅमेऱ्यावर दिवा न लावता, एफ/१.८ वर फोटो काढले जातात. एफ हा आकडा लेन्समधल्या पात्यांनी लहानमोठ्या होणाऱ्या छिद्राचे माप असून तो जितका लहान तितके छिद्र मोठे आणि स्पष्ट येणारा पट्टा अरुंद. लग्नवाल्यांकडे सर्रास आढळणाऱ्या, फिल्मच्या चौकटीहून लहान संवेदकाच्या कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरची लेन्स असेल, तर तीन मीटरवर एफ/१.८ ला हा पट्टा जेमतेम पाव मीटरचा असतो, आणि एफ/८ ला मीटरहून थोडा जास्त. पाव मीटरच्या पट्ट्यात हळदीकुंकवाच्या बायकांची एक ओळ कशीबशी मावते, आणि भिंगवैद्याने दोन उभ्या केलेल्या असतात. शिवाय आधीच अधिक २० लावून नेम मागे ढकललेला असल्याने दोन्ही ओळी धूसर होऊन त्यांच्यामागचे औषधाच्या दुकानाने वाटलेले कॅलेंडर तिथी-नक्षत्रासह वाचता येते. बायकांना ते आवडत नाही. पुढच्या वर्षी कोणाची तरी सून मोबाइलवर फोटो काढते, आणि भिंगवैद्य मोबाइलच्या फोटोला खोली नसते हे सांगत बाजूला उभा राहतो, जे खरेही आहे.

यानंतर भिंत येते. नागपूरच्या मराठी वर्तमानपत्राचे छोट्या जाहिरातींचे पान भिंतीवर चिकटवायचे, त्याचा फोटो काढायचा आणि चारही कोपऱ्यांतल्या जाहिराती वाचून पाहायच्या, ही पद्धत शास्त्रशुद्ध आहे. तिची अट एकच, की कॅमेरा भिंतीला काटेकोर समांतर असावा, आणि त्यासाठी तिपाई लागते. पाळीत उभ्याने काम केलेल्याला तिपाईचा आधार घेणे कमीपणाचे वाटते. त्यामुळे डाव्या कोपऱ्यातले वधू-वर सुस्पष्ट येतात, उजव्या कोपऱ्यातले प्लॉट आणि सेकंडहॅन्ड मोटारी वाचता येत नाहीत, आणि लेन्सचे एक भिंग मागच्या मालकाच्या हातून कलल्याची नोंद वहीत होते. ही वही कारखान्यातल्या लॉगबुकाच्या धर्तीवर आखलेली असते. तिच्यात तारीख, वेळ, हवामान, एफ-आकडा आणि ‘आढळलेला दोष’ असे रकाने असतात. ‘उपाय’ हा रकाना नसतो.

लांब पल्ल्याच्या लेन्सचे प्रकरण थोडक्यात आटोपते. शटरचा वेग सेकंदाच्या छेदात निदान लेन्सच्या मिलिमीटरइतका तरी असावा, म्हणजे ३०० मिलिमीटरला सेकंदाचा तीनशेवा भाग, हा जुना ठोकताळा त्याला पाठ असतो आणि तो दुसऱ्यांना लागू असतो. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर गेल्यावर तापलेल्या डांबरावरून उठणारी हवाच प्रकाश वाकवते आणि कोणतीही लेन्स दूरचे थरथरतेच दाखवते. त्या महिन्यात त्याच्या वहीची पाने सर्वाधिक भरतात.

डोळ्यांचा मात्र वेगळा विचार केला पाहिजे. कॅमेऱ्याच्या नेत्रखिडकीशेजारी एक बारीक चाक असते, ज्याने ती पाहणाऱ्याच्या चष्म्याच्या नंबराशी जुळवता येते, आणि ते नातवाने कधीतरी फिरवून ठेवलेले असते. अशा खिडकीतून हाताने फोकस करणे म्हणजे अंदाजपंचे. त्यात भिंगवैद्याच्या उजव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले असते. मित्रांपैकी कोणी डोळ्याविषयी नाजूकपणे सुचवलेच, तर तो ही शंका शांतपणे फेटाळतो, आणि त्याचे कारण त्याच्या विचारपद्धतीशी सुसंगत असते: डोळ्यात बसवलेली लेन्स कोरी, सीलबंद डबीतून निघालेली आहे, तिला पूर्वी कोणी मालक नव्हता.

अखेरीस दोषांची संख्या पुरेशी झाली की लेन्स विकायला निघते. घेणारा बहुधा दुसऱ्या सेक्टरातला, हल्लीच निवृत्त झालेला, तपासणीच्याच कामातला गृहस्थ असतो. भिंगवैद्य त्याला चहा पाजतो, रशियन इंजिनिअराची हकिगत सांगतो, आणि आपल्याकडे होती तोवर लेन्सने उत्तम काम दिले असे छातीवर हात ठेवून सांगतो. आठवडाभरात नव्या घरी दिवे मालवले जातात, विजेरी लागते, आणि मागच्या मालकाने ही नक्की पाडलेली असावी असा निष्कर्ष निघतो. भिंगवैद्याच्या कानावर हे आले तर त्याला राग येतो. चार दिवसांनी तो तिसऱ्या एका लेन्सच्या शोधात सुपेल्याकडे जातो.

भिलाईत जुनी लेन्स घेऊ पाहणाऱ्या वाचकाने ती भर दिवसा घ्यावी, आपला कॅमेरा बरोबर न्यावा, दूरचे एखादे झाड एकदा पूर्ण उघड्या छिद्राने आणि एकदा एफ/८ ला टिपून चारही कोपरे ताडून पाहावेत. विकणारा गृहस्थ रेल मिलमधून निवृत्त झालेला असेल आणि त्याच्याजवळ दोषांनी भरलेली वही असेल, तर फार घासाघीस न करता सौदा पुरा करावा. लेन्स बहुधा उत्तम असते.