पाचूच्या अंगठीतला वर्गसमन्वय

‘क्रेझी रिच एशियन्स’ (२०१८) या जॉन एम. चू दिग्दर्शित चित्रपटात सिंगापूरच्या धनाढ्य यंग घराण्याला जिचे स्थळ तोलामोलाचे वाटत नाही ती रेचल न्यूयॉर्क विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवते. रोमँटिक कॉमेडीत, म्हणजे प्रेमातील अडथळे हसतखेळत दूर होऊन शेवट गोड होणाऱ्या चित्रप्रकारात, दारिद्र्याची मजल साधारण येथवरच जाते. भावी सासू एलेनोर हिच्यासमोर माजाँग या चिनी सोंगट्यांच्या खेळाला बसून ती स्वतःला जिंकून देणारी सोंगटी तिच्या हाती जाऊ देते आणि मगच आपला डाव उघड करते. गेम थिअरीचा, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या संभाव्य चाली हेरून आपली चाल ठरवण्याच्या शास्त्राचा, सासर जिंकण्यासाठी याहून चोख वापर क्वचितच झाला असेल. नायक निक प्रेमापायी इस्टेटीवर पाणी सोडायला निघालेला असतो, पण सून मानी निघाल्यामुळे (ही अट स्थळांच्या जाहिरातीत मात्र कोणी घालत नाही) सासूबाई स्वतःची पाचूची अंगठी काढून देतात आणि तो प्रसंग टळतो. मागणी विमानाच्या इकॉनॉमी क्लासमध्ये, सहप्रवाशांच्या बॅगा वरच्या कप्प्यात चढवत घातली जाते, आणि त्यानंतरचा जल्लोष अर्थातच मरीना बे सँड्सच्या गच्चीवर होतो.