बाप्पाला एटीकेटी नाही

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० साली आलं आणि दादर-परळच्या प्राध्यापकांना नवा छंद जडला: क्रियापदं जमवण्याचा. अभ्यासक्रमात ‘विद्यार्थ्याला विषय समजेल’ असं आता लिहायचं नाही, समज मोजता येत नाही म्हणे. ‘विद्यार्थी विश्लेषण करेल, मूल्यमापन करेल, निर्मिती करेल’ असं लिहायचं. क्रियापदांच्या या उतरंडीचं मूळ बेंजामिन ब्लूम यांच्या १९५६च्या वर्गीकरणात. आपल्याकडे वरची मडकी रंगवून झाली, खालची रिकामीच आहेत. परीक्षेच्या आदल्या रात्री पोरं गाइडच उघडतात.

गंमत पुढेच आहे. शिक्षण क्षमतेचं, पण माप घड्याळाचं! वर्गात १५ तास बसा, एक श्रेयांक. प्रात्यक्षिकाला ३० तास उभे राहा, आणखी एक.

इकडे लालबागच्या गणपती कारखान्यात पोरगा आधी माती मळतो, मग मूर्ती घासतो, मग पितांबर रंगवतो. डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी, तीही हात बसला असेल तरच. किती तास लागले, कुणी विचारत नाही. बुबुळ हललं तर एटीकेटी नाही आणि चतुर्थी काही पुढे ढकलत नाहीत.

धास्ती एवढीच, की उद्या तिथेही कुणी तक्ता घेऊन पोचेल: ‘आखणी, ३० तास, १ श्रेयांक.’ मग तास भरतील, पोरं पास होतील. बाप्पाही बघतील, फक्त एक डोळा परळकडे, दुसरा गिरगावकडे.